दहावा शब्द

रिव्का : वर बसा, भाऊजी. खुर्चीवर. जमिनीवर मी बसायचं असतं.

शांतवन : चालतं मला, वहिनी. गुडघे अजून वाकतात.

रिव्का : गुडघ्यांचा प्रश्न नाही. सात दिवस खाली बसायचं ते घरच्यांनी. नवरा माझा गेलाय.

शांतवन : ठाऊक आहे. भेटायला आलेल्यानं आपणहून तोंड उघडायचं नसतं, हेही ठाऊक आहे. बायबलातल्या ईयोबावर दुःख कोसळलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले होते. म्हणून मघापासून मी गप्प होतो.

रिव्का : तुम्हाला आमचं यहुद्यांचं सगळं ठाऊक असतं. हे म्हणायचे, आपला एखादा उपास माझ्या लक्षात राहिला नाही तर मी भिंतीपलीकडे जाऊन शांतवन हिवाळ्याला विचारतो.

शांतवन : म्हणायचा खरा. तोंडावर म्हणायचा.

रिव्का : आता मी बोलले, तुम्ही बोला.

शांतवन : आमच्या रत्नमालेनं मसुराची आमटी पाठवलीय. अंडी उकडून दिलीत. पातेलं कोरं आहे, आमच्या मटणाचं नव्हे.

रिव्का : ठेवा तिथं. समोरच्या कानडी वसुमतीअक्काही तासातासाला येऊन ‘स्वल्प तरी खा’ म्हणून जातात. काल काय खाल्लं ते आठवत नाही. भूक नाही, रडू नाही. झोप मात्र सारखी येते. सकाळी इस्राएलहून एलिझरचा फोन आला. तो पलीकडे रडत होता आणि मी भिंतीचा पोपडा बघत होते. पोटचा पोर रडतोय आणि मला वाटतंय, हा पोपडा दिवाळीच्या आत खरवडायला हवा.

शांतवन : होतं असं.

रिव्का : होत असेल.

शांतवन : काय म्हणत होता?

रिव्का : एकच. बाबांच्या मातीला दहा जण होते का? आपले दहा पुरुष उभे असले तरच कद्दीशची प्रार्थना म्हणता येते. त्याला विमान मिळालं नाही. आमच्यात मातीला थांबत नाहीत. मग म्हणतो, मी पोचलो नाही, निदान तेवढं तरी बाबांना मिळालं का? मला काय ठाऊक? आमच्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. प्रार्थना सांगणाऱ्या शिवाजीनगरच्या काकांना विचारून ठेव म्हणाला, चारला परत करतो. काकांचा फोन सकाळपासून लागत नाहीये.

शांतवन : आता किती वाजलेत?

रिव्का : साडेतीन. तुम्ही होतात की तिथं. तुम्हीच सांगा.

शांतवन : वहिनी, त्यासाठीच आलोय मी.

रिव्का : मग सांगा.

शांतवन : होसकोट्याच्या ठिबक सिंचनाच्या कारखान्यात आलेले ते इस्राएली इंजिनियर. दहा पुरे करायला तिघं यायचे होते. दोघंच आले. एकाला ताप होता म्हणे.

रिव्का : बरं.

शांतवन : काकांनी सगळ्यांना टोप्या वाटल्या. मलाही दिली, डोकं उघडं ठेवायचं नसतं म्हणून. मी घातली. मग त्यांनी आम्हाला कबरीशी उभं केलं आणि ते वचन म्हणायला लागले. तुमच्यात माणसं आकड्यानं मोजत नाहीत ना.

रिव्का : दहा शब्दांचं वचन. एकेकाकडे बघत एकेक शब्द. माझे वडील असंच मोजायचे.

शांतवन : दहावा शब्द माझ्यावर आला.

रिव्का : तुमच्यावर.

शांतवन : काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या पोरांनी मला कधी पाहिलेलं नाही. मी मराठी बोलतोय, प्रेताला खांदा दिलाय. त्यांना वाटलं असेल, अलिबागकडचा कुणी चुलत भाऊ आलाय. अर्धं पाऊल मागे घेतलं असतं तर पुरे होतं.

रिव्का : नाही घेतलंत.

शांतवन : नाही. वाटलं, मी मागे सरलो तर प्रार्थना राहील. शिमशोन तसाच मातीत जाईल.

रिव्का : एवढंच वाटलं?

शांतवन : नाही. खोटं कशाला बोलू? आनंद झाला मला. मित्राचं प्रेत समोर, आणि मला आनंद झाला. तीस वर्षं चर्चच्या मंडळीत सांगत आलो, की यहुदी लोक आपले थोरले भाऊ, आपण रानजैतुनाची फांदी, त्यांच्या झाडावर कलम केलेली. काल काकांनी माझ्याकडे बघून तो शब्द म्हटला आणि वाटलं, धरलं कलम. आज मला घरात घेतलं.

रिव्का : आणि मग?

शांतवन : मग घरी आलो. आंघोळ केली. तेव्हापासून काहीच वाटत नाही. रत्नमाला बोलते ते ऐकू येतं, पण दुसऱ्या कुणाशी बोलतेय असं वाटतं.

रिव्का : रत्नमालेला सांगितलंत?

शांतवन : नाही.

रिव्का : कुणालाच नाही?

शांतवन : संध्याकाळी पाळकसाहेब आले होते. त्यांना सांगितलं.

रिव्का : म्हणजे माझ्या आधी तुमच्या चर्चमध्ये कळलं.

शांतवन : त्यांना एकट्यांनाच. पण ते फार हेलावले. म्हणाले, रविवारच्या उपासनेत ही साक्ष द्या. फळ्यावर लिहिलंसुद्धा, ‘इस्राएल, आपला थोरला भाऊ’, खाली माझं नाव. खरं सांगायचं तर घरून त्यासाठी तुमची परवानगी घ्यायलाही निघालो होतो. इथं तुम्हाला अशी खाली बसलेली पाहिली आणि तोंड उघडेना.

रिव्का : भाऊजी, एक्क्याण्णवचा जानेवारी आठवतो?

शांतवन : आखातातलं युद्ध.

रिव्का : एलिझर तेव्हा इस्राएलात लोदला होता. रात्री क्षेपणास्त्रं पडायची. विषारी वायूच्या भीतीनं दारं-खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, तोंडाला मुखवटे बांधून बसायची माणसं. आम्ही दोघं इथं रेडिओला कान लावून. एका सकाळी तुम्ही आलात. काखेत बायबल, त्यात खुणेच्या चिठ्ठ्या. म्हणालात, शिमशोन, संदेष्ट्यांचं भाकीत पुरं होतंय, आपल्या डोळ्यांदेखत. आपण भाग्यवान.

शांतवन : म्हणालो होतो.

रिव्का : तुमचा चेहरा फुलला होता. हे उठून मोरीत गेले आणि ओकले. मी तुम्हाला चहा दिला. तो चहा पिईपर्यंत एकदाही तुम्ही एलिझरचं नाव घेतलं नाहीत.

शांतवन : मला वाटलं, त्याचं पोट बिघडलंय.

रिव्का : हो. तसंच सांगितलं होतं मी.

शांतवन : शिमशोन कधी बोलला नाही.

रिव्का : तुमच्याशी नाही. मला म्हणाले, हिवाळ्याच्या भिंतीवर इस्राएलचा नकाशा आहे. त्याचा तिथं देश आहे, आपला तिथं पोरगा आहे. त्याच्यावर काय रागवायचं?

शांतवन : तुम्ही तरी रागवा.

रिव्का : राग कुठून आणू? आत काही नाहीच आहे. पाच वर्षं सांगायचं राहिलं होतं, सांगून टाकलं. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

शांतवन : वहिनी, रविवारी मी उभा राहणार नाही. फळा पुसायला सांगतो. पण एलिझरला तुम्ही दहाच सांगा. काकांना माहीत नाही, पोरांना माहीत नाही. नऊ म्हटलंत तर त्याला जन्मभर टोचत राहील. मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही.

रिव्का : सुतकात बसलेल्या बाईला खोटं बोलायला सांगताय.

शांतवन : पोराच्या जिवासाठी.

रिव्का : पोराच्या जिवासाठी, की तो शब्द तुमच्याकडे राहावा म्हणून?

शांतवन : ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही, वहिनी.

रिव्का : तुमच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकतेय.

शांतवन : मी निघतो.

रिव्का : बसा. यांना झटका आल्यापासून आठ महिने तुम्ही रोज सकाळी यायचात. यांना उचलून मोरीत न्यायचात, धुवायचात, दाढी करायचात. परत आणून निजवायचात. एक दिवस तुम्हाला ताप होता, तरी आलात. याची साक्ष दिलीत का कधी चर्चमध्ये?

शांतवन : त्याची कसली साक्ष? शेजारी होता तो.

रिव्का : तेच म्हणतेय मी.

शांतवन : तो जड होता. डावा पाय मुळीच टेकायचा नाही.

रिव्का : हो. फार जड होते.

शांतवन : आज सकाळी सहाला उठून दारापर्यंत आलो होतो, वहिनी. बाहेर उभा राहिलो. मग आठवलं.

रिव्का : मला चपलांचा आवाज आला होता. मीही कडी काढायला उठले होते.

(फोन वाजतो.)

शांतवन : मी बाहेर थांबतो.

रिव्का : नको. मला एकटीनं घ्यायचा नाहीये हा फोन. — हां, एलिझर. बोल. … जेवले. … नाही, खरंच थोडं खाईन आता. … काकांचा फोन लागलाच नाही. हिवाळे आलेत, त्यांच्याकडून कळलं. … नऊ होते, बाळा. होसकोट्याचा एक जण आला नाही.

शांतवन : द्या माझ्याकडे. मी सांगतो त्याला.

रिव्का : थांबा. — कद्दीश म्हटलं त्यांनी. काकांना वाटलं, दहा झाले. … दहाव्या जागी हिवाळे उभे होते. … हो, आपले शेजारचे. … मागे सरले नाहीत, म्हणून. … नाही, ओरडू नकोस. माझ्या डोक्यात शिरत नाही ओरडलेलं. … कद्दीश तू तिथं म्हण. तिथं तुला दहा शोधावे लागत नाहीत. आजच संध्याकाळी जा. … नाही रे, त्यांना धरून दहा नाही म्हणत मी. त्यांना वेगळं सांगतेय. लिहून घे पाहिजे तर. नऊ जण होते, आणि हिवाळे होते.