पिवळ्या कपाळाची नवी जात

“गाणाऱ्या पाखरांत ही साफ नवी जात! माझ्याआधी कुणी पाहिलेली नाही.”

जनावरांच्या दवाखान्यातली बाकं नुकतीच हिरवी रंगवली होती, म्हणून एक पक्षीतज्ज्ञ आणि त्यांची बायको रांगेत माझ्यापुढे उभे होते. पाखरू आत तपासायला दिलं होतं.

“अहो, ते आपल्या अंगणातलं रोजचंच आहे.”

“रोजच्याचं कपाळ पिवळं असतं? उद्या परिषदेत जाहीर करतोय. जातीला नाव तुझ्या आईचं.”

“आईनं गावभर सांगितलंय. तोंडघशी पाडू नका तिला.”

“छे!”

“खिडकी पिवळी कधी रंगवली आपण?”

“सोमवारी. का?”

“हे त्या खिडकीवर डोकं आपटतंय, तेही सोमवारपासूनच.”

कंपाउंडर पिंजरा घेऊन आला.

“साहेब, पाखरू ठणठणीत. कपाळाचा रंग तेवढा पुसून काढला.”

“...द्या इकडे.”

पिंजऱ्याचं दार नीट लागलं नव्हतं. पाखरू उडालं आणि ओल्या बाकावर जाऊन बसलं.