मी कोणताही आदेश दिला नाही

आम्ही इंदूरचेच हो, पक्के. पणजोबा होळकरांच्या फौजेत घोड्यांकडे होते, आजोबा कचेरीत कारकून, आणि वडील जिल्हा कोर्टाच्या आवारात टायपिस्ट, मतलब उतरत उतरत आलेलं घराणं समजा. घरात मराठी, गल्लीत हिंदी, दूधवाल्याशी मालवी, त्यामुळे माझी भाषा ही अशी खिचडी. तुम्ही लिहिताना ती सुधारू नका, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल पुण्याची कोणी बाई बोलतेय. आणि ज्या शहराची मी महापौर होते त्याचं नाव टाकू नका. इंदूरहून बसने दोन-अडीच तास, एवढं पुरे. माणसं अजून तिथेच राहतात.

वकील व्हायचं मी लहानपणीच ठरवलं होतं. सुट्टी असली की वडिलांबरोबर कोर्टात जायची, ते लोकांची शपथपत्रं टाइप करायचे. एखादी बाई पाऊण तास रडत रडत सांगायची, आणि वडील त्याचं चार ओळींत करायचे, आणि वाचून दाखवलं की ती म्हणायची, हाँ बाबूजी, यही बोलना था. मला ते फार मोठं वाटायचं. माझं लिहिणं चांगलं होतं, काय सांगू तुम्हाला, अजून आहे, त्याच लिहिण्याने सगळा घात केला.

लॉ इंदूरलाच केलं, मग लग्न होऊन त्या शहरात गेले. हे सरकारी शाळेत गणित शिकवायचे, शांत माणूस, दिवसाला पन्नास शब्दसुद्धा बोलत नसतील. मी कोर्टात उभी राहायला लागले. नवऱ्याने टाकलेल्या बायकांचे केस, मजुरांचे केस, जे कोणी घेत नाही ते. एकदा सफाईवाल्या बायकांना निगमने, म्हणजे महापालिकेने, कामावरून काढलं, सहा वर्षं केस चालला, जिंकले, सगळ्या परत कामावर लागल्या. तेव्हापासून त्यांच्या बस्तीत मी दीदी. कोणाचं लग्न असो, मौत असो, निरोप यायचा.

मग महापौराची सीट महिलांसाठी निघाली. पक्षाचे एक मोठे नेते होते, सगळे त्यांना भाईसाहब म्हणायचे. ते घरी आले आणि यांना म्हणाले, मास्टरजी, भाभीजी को दे दीजिए हमें. हे म्हणाले, त्या समोरच बसल्यात, त्यांनाच विचारा. मी हो म्हटलं. का म्हटलं? मला खरंच वाटलं की केस लढून लढून एकेका बाईला न्याय द्यायचा, त्यापेक्षा खुर्चीवर बसून एकदम सगळ्यांना. निवडून आले. बस्तीतल्या बायका पायाला भिंगरी लावून फिरल्या होत्या माझ्यासाठी.

तिथे एक कैलास होता. गटारीचे चेंबर साफ करणारा, ठेकेदाराकडचा माणूस, पण काम निगमचंच. त्याची बायको गीता. त्या सहा वर्षांच्या केसमध्ये गीताची सासू होती, म्हणून ओळख. कैलास एक दिवस महापौराच्या बंगल्यावर आला, म्हणाला, दीदी, गटर की मशीन बंद पड़ी है, दरोगा बोलता है हाथ से करो, अंदर गैस रहती है. दरोगा म्हणजे निगमचा सफाईवरचा अधिकारी, पोलीस नव्हे. मी म्हटलं, बघते. आणि खरंच बघणार होते हो. पण त्या हप्त्यात भाईसाहबांचा कार्यक्रम लागला, मोठी सभा, मोठे पाहुणे, आणि सभेच्या रस्त्यावरच चेंबर उफाळून आला.

सकाळची वेळ. हे टेबलाशी पोहे खात होते. मी दरोग्याला फोन लावला. तो म्हणाला, मैडम, मशीन तो बंद है. मी म्हटलं, मुझे नहीं पता, दोपहर तक रास्ता साफ चाहिए, कैसे भी करो.

कैसे भी करो. एवढेच तीन शब्द. फोन ठेवला आणि मी साडी बदलायला गेले.

दुपारी एकच्या सुमाराला कैलास खाली उतरला, आणि वर आला तो दोरीने ओढलेला. मी दवाखान्यात गेले होते. गीता भिंतीला टेकून उभी होती, रडत नव्हती, माझ्याकडे बघून म्हणाली, दीदी आ गईं. जसं काही आता सगळं ठीक होणार.

गीताने लेबर कोर्टात केस लावला. निगमकडून जबाब द्यायचा होता. आयुक्त नवीन होते, हुशार होते, म्हणाले, मैडम, आप खुद वकील हैं, आपके शपथपत्र का वजन पड़ेगा. त्यांच्या माणसाने मसुदा करून आणला. कच्चा होता. मी वाचला, आणि काय सांगू, मला राहवलं नाही, मी पेन घेतलं. सुधारत गेले. मृतक निगमचा कर्मचारी नव्हता. मशीन बंद असल्याची तक्रार माझ्यापर्यंत आली नव्हती. त्याला उतरवण्याचा मी कोणताही आदेश दिला नाही. असा बांधला की कुठून सुई शिरणार नाही. भाईसाहबांचा फोन आला, वाह, क्या लिखा है.

यांनी तो जबाब पेपरात वाचला. घडी करून ठेवला आणि म्हणाले, मी तिथे बसलो होतो. बस. दुसरं काही नाही. त्यानंतर पन्नासाचे दहा शब्द झाले, आणि तीन वर्षांनी हार्टने गेले, तोपर्यंत त्या गोष्टीवर आम्ही बोललो नाही.

गीता एकदा आली होती बंगल्यावर, केस हरायच्या आधी. बसली नाही. म्हणाली, दीदी, एक बात पूछूँ, मेरा केस आप लड़तीं तो क्या लिखतीं? मी म्हटलं, मला मीटिंग आहे. ती गेली. केस खारीज झाला, निकालात माझ्या शपथपत्रातली वाक्यं जशीच्या तशी होती.

पुढे माझं तिकीट कापलं. भाईसाहबांना दुसरी भाभी मिळाली. हे गेल्यावर मी इंदूरला परत आले, भावाच्या घराजवळ दोन खोल्या घेतल्या, इथे वकिली सुरू केली. आणि एक दिवस हायकोर्टाच्या वऱ्हांड्यात गीता दिसली. अपील केलं होतं तिने. बसने यायची, तारीख घ्यायची, बसने जायची. मी तिच्या वकिलाकडे गेले, तरणा मुलगा होता, त्याला म्हटलं, मी नवं शपथपत्र देते, आदेश मीच दिला होता. तो घाबरला. म्हणाला, मैडम, आप पर झूठे बयान का केस बनेगा, सनद जाएगी. म्हटलं, जाऊ दे.

हायकोर्टाने केस परत खाली पाठवला, माझी साक्ष घ्या म्हणून. निगमकडून उलटतपासणीला कोण उभा, तर माझाच जुना ज्युनियर, मीच शिकवलेला. त्याने विचारलं, पहले झूठ बोल रही थीं या अब? म्हटलं, पहले. त्याने विचारलं, टिकट कटने के पहले याद आया था या बाद में? म्हटलं, बाद में. फोनचा पुरावा? नाही. कोणी ऐकलं होतं? हे होते, ते गेले. दरोगा आला आणि शपथेवर म्हणाला, मुझे किसी का फोन नहीं आया. त्यालाही पेन्शन घ्यायची होती.

निकाल आला. साक्षीदार राजकीय रागातून बोलते आहे, विश्वासार्ह नाही. गीता पुन्हा हरली. मी तिच्यापुढे हात जोडले. ती म्हणाली, रहने दो दीदी, मेरी बस छूट जाएगी. आता ती स्वतः झाडू मारते, कैलासच्याच ठेकेदाराकडे. पुन्हा अपील कर म्हटलं तर नको म्हणते.

माझी सनद गेली. माझ्यावरचा केस चालू आहे, वकील लावला नाही, तारखेला मी एकटीच जाते. विचारलं की हो म्हणते. भाऊ रागावतो, वहिनी बुधवारी खजरान्याच्या गणपतीला माझ्या नावाने दूर्वा वाहून येते, वाहू दे. तुम्ही इतकं ऐकून घेतलंत, तुमच्या पोराबाळांना देव बरं ठेवो.

मागच्या तारखेला कोर्टातल्या बाबूने विचारलं, नाम? सांगितलं. उम्र? सांगितली. पेशा? वकील म्हणता येत नाही आता, आणि महापौर तर काय. तो बिचारा चांगला होता, वाट बघून म्हणाला, अम्माजी, गृहिणी लिख दूँ? मी म्हटलं, लिख दो भिया.