मीठ दोनदा पडलेला पाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या चर्चच्या पंच कमिटीचे प्रमुख, मला निरोप द्यायला वेळात वेळ काढून आलेले शेजारच्या मंडळीचे ज्येष्ठ पाळक, येत्या रविवारपासून माझ्या जागी उभे राहणार आहेत ते आपले तरुण नवे पाळकसाहेब, रविवार-शाळेच्या शिक्षिका, गायनवृंदातली मुलंमुली, आणि प्रभूमध्ये माझ्या प्रिय बंधू-भगिनींनो, आपणां सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

आत्तापर्यंत चार वक्ते माझ्याबद्दल बोलले. ज्या माणसाबद्दल ते बोलत होते त्याला एकदा भेटायची मलाही फार इच्छा आहे. पाळकबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. इतकी वर्षं त्या माणसाबरोबर संसार करूनही त्यांना तो कधी भेटला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला इथून स्पष्ट दिसतंय.

आणि ती कोपऱ्यात चादरीखाली झाकलेली भेटवस्तू. मंडळीनं मोठ्या प्रेमानं गुपित राखलंय, पण चादर आखूड पडली हो. आरामखुर्चीचे पाय बाहेर आलेत. तर त्याबद्दल आधीच आभार मानून टाकतो.

मघाशी नव्या पाळकसाहेबांनी मला विचारलं की, इतक्या वर्षांच्या सेवेत तुम्ही काय शिकलात? काय सांगणार? एक गोष्ट मात्र खरी, की माणसाची श्रद्धा उपदेशाच्या पुलपिटवरून दिसत नाही. पुलपिटवरून दिसतं कोण जागं आहे आणि कोण डोळे मिटून प्रार्थनेत असल्याचं भासवतोय. श्रद्धा बघायची तर दवाखान्याच्या बाकावर बघावी, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना बघावी, नाहीतर घरात भांडण झाल्यानंतरच्या पहिल्या चहाला बघावी. पाळकसाहेब, उपदेश थोडा आखूड करा आणि घरोघरी जास्त जा. हा सल्ला पाळकबाईंचा आहे, मला तो कधी जमला नाही, तुम्हाला जमावा.

घरांचा विषय निघालाच आहे तर एका घराबद्दल बोलतो. घर म्हणजे बेकरी, कारण त्या घरात पुढे दुकान, मागे भट्टी आणि माळ्यावर झोपायची जागा. आपले बेकरीवाले दादा. आज समारंभाचा केक त्यांनीच आणलाय आणि नेहमीप्रमाणे दाराशी उभे आहेत. दादा, वळून बघू नका, तुमच्याबद्दलच बोलतोय. मी त्यांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "सांगा काय सांगायचं ते, फक्त मला पुढे बोलावू नका."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे प्रभूच्या आठवणीत पाव मोडून वाटायचं प्रभुभोजन असतं, आणि त्या मेजावरचा पाव माझ्या आधीच्या पाळकांपासून याच भट्टीतून येतो. शनिवारी दुपारी भट्टी रिकामी झाली की दादा पीठ मळायचे आणि वहिनी मीठ घालायच्या. हा त्यांचा शिरस्ता होता. मीठ वहिनींच्या हातचं. दादांना त्यात लुडबुड करायची सोयच नव्हती.

मग वहिनी आजारी पडल्या. मंडळीनं प्रार्थना केली, मी केली, दादांनी तर गुडघे झिजवले. वहिनी वाचल्या नाहीत. त्यांना माती देऊन आम्ही परत येत होतो तेव्हा कबरस्तानाच्या फाटकाशी दादांनी मला थांबवलं. म्हणाले, "पाळकसाहेब, आजपासून माझं आणि देवाचं बोलणं बंद. मी उपासनेला येणार नाही. पण पावाचं चुकणार नाही."

मी त्यांच्याबरोबर बेकरीपर्यंत चालत गेलो.

त्याच आठवड्यात पहिला रविवार आला. पाव वेळेवर हजर. मी आशीर्वाद मागितला, पाव मोडला, पहिला तुकडा तोंडात टाकला, आणि बंधू-भगिनींनो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, पाळक भक्तीनं गहिवरले. अहो, कसलं काय! पाव खारट! असा खारट की जीभ आत ओढली जावी.

आता थांबायचं कसं? समोर अख्खी मंडळी रांगेत उभी. मी एकेकाच्या हातावर तुकडा ठेवत गेलो आणि एकेकाचा चेहरा बघत गेलो. शिंपीणबाई आल्या. ज्यांना माझ्या लग्नातल्या जेवणापासून आजवर एकही पदार्थ पसंत पडलेला नाही, त्या. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, माझ्याकडे बघितलं, आणि "आमेन" म्हणून गेल्या. त्यांच्यामागून निवृत्त पोस्टमास्तर, मग नर्सबाई, मग सगळे. कुणी तोंड वाकडं केलं नाही. दारात गप्पा मारतानाही कुणी विषय काढला नाही. प्रत्येकाला ठाऊक होतं की मीठ कोण घालायचं आणि ती आता नाही.

इतक्या वर्षांत मी एवढे उपदेश केले, पण आपली मंडळी ख्रिस्ताची आहे हे मला त्या दिवशी कळलं.

गोष्ट इथं संपत नाही. प्रभुभोजनाचा उरलेला पाव टाकायचा नाही, ही आपली रीत. पाळकानं आणि पंचांनी वेदीमागच्या खोलीत बसून तो संपवायचा. त्या दिवशी बाकीच्या पंचांना अचानक महत्त्वाची कामं आठवली. राहिलो मी आणि पंच कमिटीत नव्यानंच आलेला एक सडपातळ, भरपूर केसांचा तरुण. पाव जवळजवळ अर्धा उरलेला. तो तरुण एक घास खाऊन म्हणाला, "पाळकसाहेब, पाणी मिळेल का?" मी जग पुढे केला. मग आम्ही दोघांनी एक घास पाव, एक घोट पाणी, असं करत तो शेवटच्या कणापर्यंत संपवला. त्या तरुणानं "हे कुणी केलं" असं विचारलं नाही की कुरकुर केली नाही. उठताना एवढंच म्हणाला, "बिचारे दादा."

तो तरुण आज सडपातळ राहिलेला नाही, केसांबद्दल न बोललेलं बरं, आणि तो या समारंभाच्या अध्यक्षस्थानी बसला आहे. अध्यक्षमहाराज, आठवतंय ना? हसू नका, मी मुद्द्याकडेच येतोय.

दुसऱ्या दिवशी दादा माझ्याकडे आले. घरासाठी त्याच पिठाचा एक छोटा पाव त्यांनी ठेवला होता, तो सकाळी चहाबरोबर खाल्ला तेव्हा त्यांना कळलं. वहिनी नाहीत, मीठ विसरायला नको, म्हणून आधीच घातलं, आणि मग घातलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातलं. दारातूनच विचारलं, "कोणी काही बोललं?" मी म्हटलं, "नाही." "शिंपीणबाईसुद्धा?" "त्या आमेन म्हणाल्या." दादा पायरीवर बसले आणि म्हणाले, "सगळेच्या सगळे खोटारडे!" आणि हसले. मग रडले. वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदा.

तेव्हापासून दादा उपासनेला आले नाहीत, आणि त्यांचा पाव एकदाही चुकला नाही. कुणी विचारलं तर तोंडावर सांगतात, माझा आता विश्वास नाही. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही.

आता पंच कमिटीच्या गेल्या बैठकीचं. प्रभुभोजनाला पावाऐवजी तयार, पाकीटबंद वड्या मागवाव्यात, चुरा सांडत नाही, सोयीच्या पडतात, असा ठराव आला. खरं कारण चर्चेत निघालं. ज्याचा विश्वास नाही त्याच्या हातचा पाव प्रभूच्या मेजावर कसा चालेल? प्रश्न वाईट मनानं विचारला नव्हता, हे मी मान्य करतो. मतदान झालं, मी हरलो. निघालेल्या पाळकाच्या मताला किती वजन, तेही मला समजतं. सेक्रेटरींनी दादांना फोन करून कळवलं.

त्या संध्याकाळी दादा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. तक्रार नाही, राग नाही. फक्त म्हणाले, "मग पाळकसाहेब, शनिवारी मी काय करू?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय, आणि मंडळीचा पाळक म्हणून बोलायची माझी ही शेवटची वेळ आहे. म्हणून ठासून बोलतो.

घरात नवरा-बायकोचा अबोला होतो की नाही? पाळकबाई, नाही म्हणू नका, लोक ओळखून आहेत. पण अबोला असला तरी ताट वाढलं जातं ना? भांडं जरा जोरात आपटतं, पण जेवण येतं. अहो, अबोला कुणाशी धरतो माणूस? अनोळख्याशी? रस्त्यानं जाणाऱ्याशी? अबोला धरायलासुद्धा जवळचं माणूस लागतं! दादांचं देवाशी बोलणं बंद आहे, आणि दर महिन्याला ते त्याच्यासाठी स्वतःच्या हातानं पीठ मळतात. याला अविश्वास म्हणायचं? आपल्यातले कितीतरी जण देवाशी अखंड बोलतात, मीही त्यातलाच, पण त्याच्यासाठी काही करतो का? रोजची भाकर मागायची प्रार्थना आपण सगळे म्हणतो. ती भाकर ज्याच्या हातून येते त्यालाच बाहेर ठेवायचं?

त्यांच्यात आणि देवात ही एकच वाट उघडी आहे. ती कधी मोठी होईल ते मला माहीत नाही, पण ती आपण बंद करायची नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे.

म्हणून अध्यक्षमहाराज, माझी विनंती. खुर्ची मी नाकारत नाही, बायको ऐकतेय. पण निरोपाची खरी भेट म्हणून मला तो ठराव मागे घेऊन द्या. पहिल्या रविवारी मी मागच्या बाकावरून उठून रांगेत येईन, आणि नव्या पाळकसाहेबांच्या हातून मला त्याच भट्टीतला पाव हवा आहे.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं, मागे ऐकू जात नाही. माईकवर मी सांगू? अध्यक्षमहाराज म्हणतायत, "पाण्याचा जग मी भरून ठेवतो."

दादा, ऐकलंत? शनिवारी काय करायचं ते कळलं ना?

आपण सर्वांनी मला आणि माझ्या कुटुंबाला जे प्रेम दिलंत त्याबद्दल मंडळीचे, पंचांचे, व्यासपीठावरील मान्यवरांचे आणि ज्यांची नावं राहून गेली त्या प्रत्येकाचे मनापासून आभार. म्हाताऱ्याची जीभ आहे, बोलताना मीठ जरा जास्त पडलं असेल. त्या रविवारी गिळलंत तसं हेही गिळून घ्या, आणि आमेन म्हणा.