जुन्याला कोण विचारतंय?

गड्यांनो, भारी मशीनवर गाणी ऐकायचं मला याड हाय, ते काय मी नाकारत न्हाई. पण गेल्या साली सांगलीत काय झालं ते ऐका.

दुकानदाराचा फोन आला, "नवा अँप्लिफायर आलाय, जुना घेऊन या, बदलून देतो." मी इस्लामपुरातनं जुना गाडीत घातला, बायकोबी संगं आली. दुकानदारानं तो उलटापालटा करून बघितला आणि मी घेतलेल्या किमतीचा पाव भाग सांगितला.

मी म्हणलं, "आवं, वरीस झालं न्हाई अजून. ह्याच्या वरचं मशीन न्हाई, असं तुमीच म्हणला हुता."

"ते तवा. आता मॉडेल बदललं, सायेब. जुन्याला कोण विचारतंय?"

शेजारी कुंडलचे एक रिटायर मास्तर तेच नवं मॉडेल घ्यायला उभे हुते, कार्ड हातात काढूनच. त्यांच्यासमोरच माझी बायको दुकानदाराला म्हणली, "मग ह्ये नवं पुढल्या वर्षी तुमी कितीला परत घेणार, ते आत्ताच सांगा की."

मास्तरांनी कार्ड खिशात घातलं.

"वैनी, माझं गिऱ्हाईक घालवलं तुमी!"

"घालवलं न्हाई, जरा थांबवलं. तुमी आकडा सांगा, घेतील की ते."

त्यानं काय आकडा सांगितला न्हाई. आमी आपलं मशीन उचललं आणि घरला आलो.

काल त्याचा परत फोन. "सायेब, आणखी नवं आलंय!"

मी म्हणलं, "मोठ्यानं बोला. जुनं वाजतंय, तुमचं काय ऐकू येईना!"