नऊ सेकंदांत चालू

दारव्ह्याच्या स्टँडवर यवतमाळच्या जीपमध्ये आम्ही सात प्रवासी होतो. दहा झाल्याशिवाय ती निघणार नव्हती. पुढच्या सीटवर एका मुलीने लॅपटॉप उघडला. शेजारी तिचा भाऊ होता.

"राजदीपदादा, अकराले कॉलेजात प्रोजेक्ट दाखवाचा आहे. स्क्रीन काळी काहून?"

"काळी नाही मैत्रेयी, साफ केली. सारे आयकॉन, मेनू काढले. स्टार्टअपची फाइल बदलली. आता नऊ सेकंदांत चालू होते."

"मंग प्रोजेक्ट कसा उघडू?"

"विंडोजचं बटन धरून एंटर दाब, आता त्यानंच सारं उघडते."

"एंटर तुह्याच सांडलेल्या चायनं मेलं ना!"

"मंग स्टार्टअपच्या फाइलीत एंटरच्या जागी दुसरं बटन टाक."

"फाइल कशी उघडू?"

"विंडोज धरून..."

"बोल ना, इंजिनिअर!"

"थांब, रिस्टार्ट करतो."

मी घड्याळात सेकंद मोजले. या वेळी आठ सेकंद लागले. स्क्रीन काळीच होती.