काकांची गाय अन बंद गवत

वाघाचा विषय निघाला म्हणून सांगतो. टेकडीवरचं गवत दिवाळीपर्यंत बंद. कोणाचं ढोर त्यात घुसलं, तं मालकानं एक दिवस अख्ख्या गावाची ढोरं चारायची. हा नियम आमच्या काकांचाच.

परवा संध्याकाळी त्याइचीच गाय घरी आली नाई. गावची ढोरं चारणारा शंकर रडकुंडीले आलता. "काका, वाघानं नेली वाटते."

आमी सारे काठ्या घेऊन टेकडीवर गेलो. पाहतो तं गाय बंद गवताच्या मधात बसून आरामात रवंथ करून राह्यली. काका तिच्या गळ्यात पडून रडले.

शंकरनं आपली काठी हळूच काकांच्या हातात देल्ली. "मंग उद्या मी घरीच राहू ना?"

काका डोळे पुसत म्हणे, "दोन दिवस राह्य बाबा. पण वाघाचं नाव काढू नको."