गॅलनला अठरा मैल

— अठरा? डॉक्टरांनी सांगितलं तुम्हाला? विकताना म्हणाले, ही मोटार गॅलनला अठरा मैल देते — आणि तुमच्या हातात देतेय चौदा. नाय शेट, मोटारीला बोल लावू नका. बसा वाईच त्या बाकड्यावर. सात वर्षं डॉक्टरांकडे हिला मीच हाकली, हिचा स्क्रू न् स्क्रू ह्या गंगारामाला ठाऊक. माझ्याकडे आली तेव्हा अकरा द्यायची. का? मागचं चाक जॅकवर उचलून फिरवलं, तर अर्ध्या फेरीत अडायचं — ब्रेक घासत होता. अशी मोटार पेट्रोल खाईल नाय तर काय? ब्रेक सैल केला, प्लगांची काजळी खरवडली, कार्बोरेटर धुतला, चाकांत हवा बरोबर ठेवली. मागच्या शिटाखाली डॉक्टर पेट्रोलचा भरलेला डबा बाळगायचे, तोसुद्धा मीच म्हटलं घरी ठेवा, वजन ओढायला पेट्रोल लागतं. तेव्हा कुठं चौदा झाले. खरे चौदा.

तिथं थांबायचं होतं मी. पण मांडवी बंदरावर तो दादू, वकिलांचा ड्रायव्हर, सगळ्यांदेखत म्हणाला, आमची सोळा देते. डॉक्टर तिथंच उभे. वळून माझ्याकडे बघितलंनी. झालं — दुसऱ्या दिवसापासून मोटार पुसताना टाकीत बाटलीभर पेट्रोल मी आपल्या पदरचं ओतायला लागलो. चोरी नाय हो, उलट माझंच जात होतं. डॉक्टर टाकीत काठी बुडवून बघायचे नि खूश व्हायचे. सोळा झाले, मग अठरा. गावभर माझं नाव झालं. कोणाला नको असतं, सांगा?

मग लांज्याचा बाबल्या आला, सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं. बायको दोन दिवस अडलेली, सुईणीनं हात टेकलेले. तुळसा तिचं नाव. डॉक्टरांनी काठी बुडवली — दीड गॅलन. म्हणाले, “सत्तावीस मैलांचं आहे, लांजा पंचवीस. परतीचं तिथं मिळेल. चल.” मला ठाऊक, खऱ्या चौदाच्या हिशोबानं एकविसाला बंद पडणार. डबा घरात, दहा पावलांवर. डबा घेऊ का, एवढं म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं, तर का म्हणून विचारलं असतं त्यांनी. निमित्तं हजार होती — घाट आहे, रस्ता खराब आहे — पण ती आता सुचतात. तेव्हा मी हॅण्डल मारलं नि निघालो.

उतार दिसला की इंजिन बंद करून सोडत होतो मोटार. बाबल्या मागं हात जोडून बसलेला. लांजा चार मैल राहिलं नि थांबली. डॉक्टर साठीचे, त्यात दमेकरी. मी धावत जाऊन बैलगाडी शोधून आणली, त्यातच दोन तास गेले. पोचलो तेव्हा अंगणात बायका उभ्या होत्या. आई गेली, मूलही गेलं. अर्ध्या तासापूर्वी म्हणे.

आणि बाबल्यानं काय करावं? माझे पाय धरलेन्. म्हणाला, “तुम्ही धावलात हो आमच्यासाठी.” मी धरू दिले. डॉक्टर म्हणाले टाकी गळत असेल, मी हो म्हटलं. इतकंच नाय — घरी आल्यावर टाकीला कथलाचा डागही दिला, भोक नसलेल्या टाकीला. वाका नि बघा खाली, अजून आहे.

दरसाल तो बाबल्या तांदूळ पाठवतो. बायको विचारते, कोण हो हा? मी सांगतो, ओळखीचा. ते तांदूळ माझ्याच्यानं खाववत नाय नि टाकवतही नाय, मग —

काय बघताय असे? मी तुमच्या मोटारीचं सांगत होतो. ब्रेक मोकळा आहे, प्लग साफ आहेत, माझ्यासारख्यानं करण्यासारखं हिच्यात काही उरलेलं नाय. घेऊन जा. नाय, चहाला थांबू नका. जा तुम्ही.